बाइंडरनं वाचायचं नसतं

प्रिय धाकट्या,

तुझं पाकीट मिळालं. परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, अजून काही आलं नाही, पोस्टमन आजारी दिसतोय. पोस्टमन ठणठणीत आहे. पाकीट गेले पाच आठवडे माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. ताईला खोटं बोलता येत नाही, असं तू लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलास आणि मलाही ते खरंच वाटायचं. एकसष्टाव्या वर्षी का होईना, जमायला लागलं. घरात इतका चांगला शिक्षक असताना एवढा उशीर का लागला, याचंच आश्चर्य वाटतं.

मसुदा छान झालाय. नऊ पानं, जाड कागद, डावीकडे भरपूर समास. फक्त कोपऱ्यात ती लोखंडी पिन मारायला नको होतीस. वर्षभरात गंजते आणि कागद खाते, हे बाइंडरच्या मुलाला मी सांगायला हवं का? जिथे जिथे मी सही करायची तिथे तू पेन्सिलीनं फुल्या केल्यास आणि वर चिठ्ठी लावलीस, "ताई, फुल्यांवर सह्या कर. बाकीचं वाचत बसू नकोस, मी सगळं बघितलंय." म्हणजे मी हे घर, खालचा कारखाना आणि मागची मोकळी जागा प्रेमापोटी आणि कोणताही मोबदला न घेता तुझ्या मुलाला बक्षीस द्यायची. मी जिवंत असेपर्यंत मला वरच्या मागच्या खोलीत राहता येईल, अशी सोयही सातव्या पानावर केली आहेस. माझ्याच घरात मला राहू देणार आहेस. उपकार झाले.

भाच्यावर माझा राग नाही, हे आधीच लिहून टाकते. तो गुणी आहे. आला की न सांगता खाली जातो आणि कात्रणाचा ढीग उचलून ठेवतो. आत्याशी तो अजून नीट बोलतो, आणि हल्लीच्या मुलांच्या मानानं ते पुष्कळ झालं. खरं सांगायचं तर मी सही करणार होते. पेन काढलं होतं, चष्मा लावला होता. माझे दोन्ही अंगठे आता कामातून गेलेत. डॉक्टर म्हणाले, चाळीस वर्षं सुई ओढलीत, आता सांधे सुट्टी मागताहेत. शिलाई होत नाही, पुस्तकं दाबायचा शिकंजा फिरवता येत नाही, सकाळी केस विंचरतानाही कंगवा हातातून पडतो. कारखाना बंदच करायचा होता. मग घर त्याला दिलं काय आणि माझ्यामागे त्याला गेलं काय, असा विचार मी केला. मूल ना बाळ अशा बाईचं घर कोणाकडे जाणार, हे कळायला वकील लागत नाही.

पण पहिल्या फुलीवर पेन टेकवलं आणि बाबांची ओळ आठवली.

तुला ती पाठ असेल, तरी लिहिते. मी चोवीस वर्षांची होते तेव्हा बाबांनी हे घर माझ्या नावावर बक्षीस दिलं. तू सोळाचा होतास, खूप खट्टू झाला होतास. दोन दिवस जेवताना मान वर केली नव्हतीस. बाबांचं म्हणणं असं होतं की मुलगा शिकणार आहे, तो स्वतःचं उभं करेल, पोरीनं मात्र तेराव्या वर्षापासून माझ्याबरोबर खळ ढवळली आहे. तिचं लग्न झालं तरी आणि नाही झालं तरी तिच्या डोक्यावर छप्पर पाहिजे. मला कुणी गोड बोलून फसवेल आणि घर विकायला लावेल, ही त्यांना सारखी धास्ती असायची. म्हणून दस्तलेखकाला सांगून त्यांनी शेवटी एक ओळ घालून घेतली: घेणारीनं ही मिळकत कधीही, कोणालाही, कोणत्याही कारणानं विकू नये, गहाण ठेवू नये, बक्षीस देऊ नये किंवा अन्य प्रकारे हस्तांतरित करू नये. दस्त नोंदवून आल्यावर त्यांनी मला ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, "आता तुला कुणी हात लावू शकत नाही." त्यांनी ती मायेनं लिहिली यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

तर त्या ओळीत बक्षीस देऊ नये असंही आहे. म्हणजे विकता येत नाही तसं फुकटही देता येत नाही. तुझ्यासारख्या नावाजलेल्या वकिलाच्या हातून एवढी चूक कशी झाली? उद्या कोणी हे उकरून काढलं तर भाचा अडकायचा, लोक म्हणायचे, वकिलाच्या मुलानं आत्याचं घर बेकायदा घेतलं. हसू नकोस. तुझी अब्रू जाऊ नये म्हणून मी दुसऱ्या दिवशी जुना दस्त आणि तुझा मसुदा दोन्ही पिशवीत घातले आणि वकीलबाईंकडे गेले. त्या तुला माहीत नाहीत. दोन वर्षांपासून त्यांची जुनी पुस्तकं माझ्याकडे दुरुस्तीला येतात. बाई तरुण आहेत, फटकळ आहेत आणि पुस्तक उलटं ठेवत नाहीत. तुला विचारायचं सोडून त्यांच्याकडे का गेले म्हणशील, तर तुला तुझीच चूक दाखवायचा संकोच वाटला. बघ, किती विचार करते मी तुझा!

त्यांनी दस्त वाचला. शेवटच्या ओळीशी आल्या, थांबल्या नाहीत, पान उलटलं आणि विचारलं, "अडचण काय आहे?" मी ओळीवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "ही होय? हिला काही अर्थ नाही." मला वाटलं, बाईंनी नीट वाचलं नाही. मी पुन्हा बोट ठेवलं. तेव्हा त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. एखाद्याला मालमत्ता दिली की दिली. देणाऱ्यानं वर अशी अट घातली की घेणाऱ्यानं ती कधीच, कोणालाच देऊ नये, तर कायदा ती अट मानत नाही. एखाद्या माणसापुरतं, काही काळापुरतं बंधन कधीकधी टिकतं. पण कायमचं आणि सगळ्या जगाविरुद्ध असं कुलूप लावता येत नाही. बक्षीस कायम राहतं आणि ती अट लिहिलीच नव्हती असं समजायचं. "पहिल्या दिवसापासून?" मी विचारलं. "शाई वाळायच्या आधीपासून," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हा कायदा नवीन आला असेल. नवीन कसला, त्या म्हणाल्या, आपल्या दोघींपेक्षा जुना आहे, पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात. मग त्यांच्या लक्षात आलं की समोरची बाई पांढरी पडली आहे. त्यांनी पाणी आणून दिलं. माझं आडनाव पुन्हा एकदा दस्तावर बघितलं. मग उठून कपाटातून न्यायालयाच्या निकालांचा एक खंड काढला आणि म्हणाल्या, "हा खटला तर तुमच्या भावानंच लढवला होता. तुम्हाला कधी बोलले नाहीत?"

धाकट्या, तो खंड मी ओळखला. मी माझं काम पाठीवरून ओळखते. तो साधा कापडी होता, न्यायालयाकडून येणाऱ्या नेहमीच्या गठ्ठ्यातला, मागच्या पुठ्ठ्याच्या आत माझ्या कारखान्याच्या नावाची चिठ्ठी. त्याच वर्षाचा आणखी एक खंड मी बांधला होता, तुझा. आठवतं? तू छत्तीसचा होतास. एरवी न्यायालयाचा शिपाई निकालांचे बारा अंक दोरीत बांधून आणून टाकायचा, पण त्या वर्षी तू स्वतः बारा अंकांचा वेगळा संच काखेत मारून आलास, लहान मूल बक्षीस दाखवायला येतं तसा. "ताई, यात माझं नाव छापून आलंय." मी हात पुसले आणि तू दाखवलंस तेवढंच बघितलं. तुझं नाव. त्यावरून बोट फिरवलं. मला इतका आनंद झाला की मी कापड बाजूला ठेवलं आणि एका गिऱ्हाइकाच्या कामातून उरलेलं तपकिरी चामडं काढलं, पाठीवर सोन्याची अक्षरं घातली आणि त्या पानात रेशमी रिबीन सोडली. विचारलंही होतं तुला, कसला होता रे खटला. तू म्हणालास, "एका म्हाताऱ्याच्या घराचं भांडण. किचकट आहे, तुला कंटाळा येईल."

बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. बाइंडरनं वाचायचं नसतं. बाइंडर वाचायला लागला की पानांचे फर्मे मागेपुढे होतात. आपण पानाचा आकडा बघायचा, कडा बघायची, शिवणीचं भोक बघायचं, मजकूर गिऱ्हाइकाचा. चाळीस वर्षं मी तो नियम पाळला. न्यायालयाचे शेकडो खंड या हातांखालून गेले. माझ्या सुटकेचा कागद मी माझ्या हातानं शिवला, दाबला, कापला, त्याला सोनं लावलं आणि तुझ्या हातात दिला. यात माझा मूर्खपणा आहे, तो मी तुझ्या माथी मारत नाही. पण तू तिथे उभा होतास. मी पुस्तकाला फडकं मारत होते आणि तू बघत होतास.

तो खंड मी वकीलबाईंकडून मागून आणला आणि वाचला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः बांधलेलं पुस्तक वाचलं, धाकट्या. अकरा पानं वाचायला तीन दिवस लागले, कारण तुम्हा लोकांचं वाक्य सुरू झालं की संपायचं नाव घेत नाही. एका काकानं पुतण्याला घर दिलं, कधी विकायचं नाही असं लिहून दिलं, पुतण्यानं विकलं, दुसऱ्या भावंडांनी दावा लावला. तू पुतण्याच्या बाजूनं होतास. काय सुरेख बोलला आहेस! कोर्टानं तुझं म्हणणं जसंच्या तसं उतरवून घेतलंय. मालकी द्यायची आणि विकायचा हक्क मागे ठेवायचा म्हणजे मालकी दिलीच नाही. मेलेल्या माणसाचा हात जिवंत माणसाच्या मनगटावर कायमचा ठेवता येत नाही. हे वाचताना मला, देवाशपथ सांगते, आधी अभिमानच वाटला. माझा भाऊ असं बोलतो! नंतर मी उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

आता त्याच्याही आधीचं. तू पंचवीसचा होतास, काळा कोट नवा होता, बाह्या लांब होत्या म्हणून मीच आत दुमडून शिवल्या होत्या. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मला त्या मोठ्या ग्रंथालयाचं पत्र आलं होतं. त्यांच्या दुरुस्ती विभागाच्या प्रमुख, ज्यांना आपण नंतर घरात मोठ्या बाई म्हणायला लागलो, त्यांनी कुठल्याशा संग्राहकाकडे मी जोडलेला एक जुना नकाशासंग्रह पाहिला होता. वाळवीनं चाळण केलेली पानं मी भाताच्या खळीनं आणि पातळ कागदानं भरून काढली होती, दिव्यासमोर धरल्याशिवाय कळत नव्हतं. त्या स्वतः आल्या, माझी हत्यारं बघितली, माझे हात बघितले आणि जाताना म्हणाल्या, "तुम्ही इथे हजेरीपत्रकं शिवताय? लाज वाटायला पाहिजे, तुम्हाला नाही, आम्हाला." मग पत्र आलं. कायमची नोकरी, हस्तलिखितांचं काम, चारशे वर्षांची पानं. जागा मात्र आपली आपण बघायची होती, आणि आईला जिना चढवत नव्हता. इथलं घर विकून तिथे तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, आईला घेऊन जायचं, एवढाच मार्ग होता. मी दस्त तुझ्या हातात दिला. तू खिडकीशी उभा राहून पाव तास वाचत होतास. मी खाली बघत होते, कारण तुझ्या तोंडाकडे बघायची छाती होत नव्हती. तू दस्ताची घडी घातलीस आणि म्हणालास, "ताई, बाबांनी दार लावलंय आणि किल्ली सोबत नेलीय. यात काही करता येत नाही."

तेव्हाची गोष्ट मी सोडून देते. नवा होतास, धांदरट होतास, परीक्षेत ते प्रकरण तू वगळलं असशील. इतकी वर्षं तुझ्या चुका पोटात घातल्या, ही आणखी एक. मी मोठ्या बाईंना कळवलं की घरगुती अडचण आहे. आणि शिवत बसले. शाळांची हजेरीपत्रकं, दवाखान्याची रजिस्टरं, तुमचे निकाल. वाईट काम नव्हतं. पण दिवसभर हजेरीपत्रकाला भोकं पाडताना त्या चारशे वर्षांच्या पानांना हात लावून बघावा असं मला किती वाटायचं, ते मी कोणाला बोलले नाही. तुला तरी काय बोलायचं होतं, तुझा काय दोष होता त्यात, असं मला वाटायचं.

सोडून देता येत नाही ती रिबिनीच्या वर्षाची गोष्ट. त्याच वर्षी मोठ्या बाईंनी पुन्हा पत्र पाठवलं होतं. त्यांना निवृत्त व्हायला चार वर्षं होती आणि हातात कला असलेलं कोणी त्यांना मिळालं नव्हतं. मी चव्वेचाळीस वर्षांची होते. त्या वयात कोणी पुन्हा हाक मारेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तू ते बारा अंक घेऊन आलास त्याच दुपारी ते पत्र मी तुला दाखवलं. तुझ्या काखेत तुझा जिंकलेला खटला होता. तू पत्र वाचलंस, घडी घालून माझ्या हातात परत दिलंस आणि सुस्कारा सोडलास. "काय करणार ताई, बाबांची ती ओळ." सुस्काराही सोडलास रे! तो तरी नसता सोडलास तर बरं झालं असतं.

का केलंस, हे मला कळतं, मी अगदीच मठ्ठ नाही. मी गेले असते तर आई माझ्याबरोबर आली असती किंवा तुझ्याकडे राहायला आली असती. परगावी म्हातारीला एकटीच्या जिवावर सोडलं म्हणून लोकांनी तुला नावं ठेवली असती, म्हणजे शेवटी ती तुझ्याकडेच आली असती. तुझ्या नव्या घरात पाहुण्यांची खोली होती, पण ती पाहुण्यांची होती. आणि घर विकलं असतं तर भाच्याला आज काय मिळणार होतं? तू सगळ्यांचं बघितलंस. आईची सोय, बायकोची शांतता, मुलाचं भविष्य. प्रत्येकाला काही ना काही मिळालं, आणि कोणाचंच नुकसान झालं नाही असं तुला खरंच वाटलं असेल, कारण मी कधी तक्रार केली नाही. मी हसतमुख होते ना? तुझ्या मुलांच्या वह्यांना दर वर्षी कव्हरं घालून देणारी आत्या!

आता बातमी. तू मसुद्यातली पानं पुन्हा छापायच्या आत ती तुझ्या कानावर गेलेली बरी. गेल्या गुरुवारी मी घर विकलं. शेजारच्या चष्म्याच्या दुकानवाल्यानं घेतलं, त्याला दुकान वाढवायचंच होतं. नोंदणी कार्यालयात वकीलबाई सोबत होत्या. तिथल्या कारकुनानं जुना दस्त उघडला, अंगठा ओला करून एकेक पान उलटलं आणि शिक्का मारला. बाबांच्या ओळीवर त्याचा अंगठा क्षणभरही थांबला नाही. सदतीस वर्षं मी ज्या ओळीपुढे हात टेकले, ती ओलांडायला त्याला काहीच लागलं नाही. मी बाहेर आले आणि बाकावर बसून हसत सुटले. वकीलबाई घाबरल्या.

विकायची गरज होती का, असं तू विचारशील, आवाज खाली आणून, कोर्टात विचारतोस तसं. नव्हती. मोठ्या बाई कधीच वारल्या. ग्रंथालयाला मी पत्र टाकलं होतं. दोन ओळींचं उत्तर आलं की दुरुस्ती विभाग बंद झालाय, त्या खोलीत आता संगणक आहेत. अंगठ्यांना सुई धरवत नाही. मला कुठे जायचं नाही आणि कोणी बोलावलेलंही नाही. विकता येतं म्हणून विकलं. एकदा तरी माझं घर माझं होतं, हे मला हातानं करून बघायचं होतं. दोन महिन्यांनी मी ग्रंथालय आहे त्या गावात, तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायला जाईन. मजकूर वाचायचं ठरवलंय. वाचनालयात सगळ्यांना बसू देतात. भाच्याला सांग, कात्रणयंत्र हवं असेल तर महिनाअखेरपर्यंत येऊन घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. तुझे शाळेचे कप आणि बाबांचा फोटो मी खोक्यात भरून ठेवलाय. तुझा मसुदाही परत पाठवते आहे. पिन काढून दोऱ्यानं शिवलाय, तेवढंच अंगठ्यांनी करू दिलं. फुल्या खोडलेल्या नाहीत.

पण ही बातमी सांगायला मी पत्र लिहायला बसले नाही, ती तुला नोंदणी कार्यालयातल्या तुझ्या कोणीही ओळखीच्यानं सांगितली असती. मला एक विचारायचं आहे आणि ते फोनवर विचारलं असतं तर मला तुझा श्वास ऐकू आला असता. मोठ्या बाईंचं दुसरं पत्र आलं ते आधी आईच्या हातात पडलं होतं. त्याच आठवड्यात ती म्हणाली, डोळे दाखवायचे आहेत, धाकट्याला बोलाव. तू गाडी घेऊन आलास, तिला दिवसभर नेलंस, संध्याकाळी आणून सोडलंस. चष्मा बदलला नव्हता, औषध दिलं नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले विचारलं तर म्हणाली, "डोळे ठीक आहेत," आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. चार दिवसांनी तू ते अंक घेऊन आलास. मला तेव्हा काही वाटलं नाही, या महिन्यात मात्र तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. त्यानंतर ती आठ वर्षं जगली. शेवटची पाच अंथरुणावर. मी तिला उचललं, कूस बदलली, न्हाऊ घातलं, भरवलं, आणि ती माझा हात धरून म्हणायची, "बाबांनी तुला इथे ठेवली म्हणून मी जगले गं." ते ऐकून माझ्या मनातली सगळी आग विझायची. नोकरी गेली, घर गेलं, तू गेलास, ते मी सोसेन, सोसतेच आहे. पण ती आठ वर्षं मला लागतात. तेवढीच माझ्याजवळ उरली आहेत. म्हणून मला एका कागदावर एवढंच लिहून पाठव की ती ओळ पोकळ होती हे आईला माहीत नव्हतं. टाइप करू नकोस, तुझ्या अक्षरात लिही. ते खरं नसलं तरी लिही. मी वाचेन आणि विश्वास ठेवेन. याआधीही ठेवलाच होता.

अजून तरी तुझीच,
ताई